हुक्की कुणी करत नाही, ती येते

प्रिय बाळा,

आजी फोनवर म्हणाली, "काकाला रात्री अकरा वाजता माळा आवरायची हुक्की आली." हुक्की म्हणजे इच्छाच ना, असं तू विचारलंस. इच्छाच, पण अचानक उठलेली, अवेळी आलेली आणि 'आत्ताच का?' याला उत्तर नसलेली. भूक लागली म्हणून खावंसं वाटलं, तर ती हुक्की नव्हे. मध्यरात्री उठून सगळे डबे घासावेसे वाटले, तर मात्र हुक्कीच.

तू लिहिलंस, "काकाने हुक्की केली." तिथे चुकतं. शिंक येते, झोप येते, रडू येतं, तशीच हुक्कीही येते. आपण ती आणत नाही. म्हणून 'काकाने' नाही, 'काकाला'. शब्द स्त्रीलिंगी, त्यामुळे मुलगा असो वा मुलगी, 'आली'च म्हणायचं. कशाची, ते आधी जोडायचं: पोहायची हुक्की, गायची हुक्की.

हिची भावंडं बरीच आहेत. 'लहर' संस्कृत 'लहरी'वरून आली, म्हणजे लाट. उठते नि ओसरते. ज्याचं मन असं सारखं बदलतं तो माणूस लहरी, आणि पाऊससुद्धा लहरी. 'तलफ' मात्र सवयीच्या वस्तूचीच: चहाची, तंबाखूची. मूळ अरबी 'तलब', म्हणजे मागणी. ज्याने चहा कधी चाखलाच नाही, त्याला चहाची तलफ येणार नाही. 'उबळ' शरीराची, खोकल्याची किंवा हसण्याची. दाबू गेलं तर आणखी जोरात येते. भांडायची असते ती खुमखुमी, आणि ती जिरवावी लागते.

मला सगळ्यांत आवडतो तो 'डोहाळे'. हा बहुतेक वेळा अनेकवचनी, आणि डोहाळे येत नाहीत, लागतात. गरोदर बाईला चिंच, कैरी, कधी मातीही खावीशी वाटते, ते डोहाळे. मूळ संस्कृत शब्द 'दोहद'. सुश्रुतसंहितेत म्हटलंय की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, म्हणून आई दोन हृदयांची होते आणि तिची इच्छा ही बाळाचीही इच्छा असते. म्हणून तर डोहाळजेवणात तिच्या आवडीचं रांधतात. पुढाऱ्याला मंत्रिपदाचे डोहाळे लागले, असं वर्तमानपत्रात वाचशील, ते याच्यावरूनच.

एक सांभाळ. हुक्की स्वतःबद्दल किंवा बरोबरीच्यांबद्दल बिनधास्त म्हण. आजोबांना तोंडावर "तुम्हाला हुक्की आली" म्हटलंस, तर ते उद्धट वाटेल, तिथे "तुम्हाला अचानक वाटलं का?" एवढंच विचार.

तुझी,
आई