‘६०+’ म्हणजे साठीच्या पुढच्यांसाठी?

प्रश्न : मुलगी कोपनहेगनला असते. दिवाळीला येताना तिने हवार्टी चीजची अर्ध्या किलोची वडी आणली. वेष्टनावर ‘६०+’ छापलंय. आमचे हे म्हणतात, ‘‘बघ, साठीच्या पुढच्यांसाठीच आहे!’’ आणि रोज संध्याकाळी टोस्टवर चार जाड तुकडे ठेवून खातात. वय ६८, बीपीची गोळी चालू, कोलेस्टेरॉल काठावर. दुधाने यांचं पोट फुगतं, याने फुगत नाही, म्हणून ‘पचायला हलकं’ ठरवून टाकलंय. खरंच पौष्टिक आहे का? शिवाय नव्वदीच्या सासूबाई विचारताहेत, हे शाकाहारी ना?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मी एकटीच हसत बसले. यजमानांना सांगा, तो आकडा वयाचा नाही, स्निग्धांशाचा आहे. पण चीजमध्ये ६० टक्के तूप आहे, असंही समजू नका. पाणी वगळून जो घनभाग उरतो, त्यातले ६० टक्के. शंभर ग्रॅम चीजमध्ये घनभाग साधारण ६० ग्रॅम धरा. म्हणजे स्निग्धांश सुमारे ३६ ग्रॅम. तोंडात लोण्यासारखं विरघळतं ते त्यामुळेच.

आता ते ‘जाड तुकडे’. माझ्याकडे असलं चीज आलं तेव्हा मी काडेपेटीएवढा तुकडा कापून वजनकाट्यावर ठेवला होता : २५ ग्रॅमला जरा कमी भरला. २५ ग्रॅममध्ये सुमारे १०० कॅलरी, ५ ग्रॅम प्रथिनं, दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, तेव्हा एवढ्याशा तुकड्याच्या मानाने हे चांगलंच आहे. पौष्टिक म्हणाल तर आहेच.

यजमानांचे चार तुकडे मात्र शंभर ग्रॅम होतात! त्यात संपृक्त चरबी चोवीसेक ग्रॅम. १८०० कॅलरीच्या आहारात तिची दिवसभराची मर्यादा २० ग्रॅम. ती टोस्टवरच ओलांडली. मीठही दीड ग्रॅमच्या पुढेमागे असेल, आणि दिवसाचं सगळं मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं. तुमच्या वेष्टनावर नेमका आकडा पाहा. युरोपात थेट मीठच छापतात. आपल्याकडच्या पाकिटावर सोडियम असतं, त्याला अडीचने गुणायचं. यात सकाळच्या पोह्यांवरचं जिरावन (तो खारट मसाला), शेव आणि जेवणातलं लोणचं मी अजून धरलेलंच नाही. इंदूरचं घर आहे, ते असणारच.

पोट फुगत नाही हे मात्र खरं. चीज करताना दुधातली बरीचशी साखर, म्हणजे लॅक्टोज, निवळीबरोबर निघून जाते; उरलेली विरजणातले जिवाणू मुरवताना संपवतात. ज्यांना दूध सोसत नाही, त्यांना असं चीज बहुधा सोसतं. पण पोट फुगलं नाही म्हणून ते हलकं होत नाही, ताई.

बीपी आणि कोलेस्टेरॉल पाहता रोज नको. आठवड्यातून दोन-तीनदा काडेपेटीएवढा एक तुकडा, आणि त्या दिवशी शेव-लोणच्याला सुट्टी. बाकी दिवशी घरचं पनीर द्या, त्यात आपण मीठ घालत नाही. तेही पातळ दुधाचं, नाहीतर म्हशीच्या दुधाच्या पनीरने तूप मागच्या दाराने येतं.

सासूबाईंची शंका रास्त आहे. दूध फाडायला रेनेट लागतं. ते पूर्वी वासराच्या जठरातून काढत, आजही काही ठिकाणी वापरतात. आता बरंचसं चीज सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटने होतं. परदेशी वेष्टनावर आपला हिरवा ठिपका नसतो, म्हणून फोटो पाठवून मुलीकडून रेनेटची ओळ वाचून घ्या. तोवर सासूबाईंना देऊ नका.

आणि पुढच्या खेपेला तिला ‘४५+’ची वडी आणायला सांगा. त्यात स्निग्धांश पंचवीसेक ग्रॅमच असतो. फक्त तो आकडा पाहून यजमान काय अर्थ लावतील, ते मला जरूर कळवा.