रेडिओ कट्टा : स्क्रीनवर सगळं जग, हेडफोनमध्ये नुसती खरखर

या वेळची सगळी पत्रं आपल्याच सातारा-सांगलीची आणि जवळपास सगळी डीएक्स क्लस्टरबद्दल. नवीन वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो, कुठल्याही हॅमला, म्हणजे लायसन्स घेऊन हौसेने रेडिओवर बोलणाऱ्या माणसाला, लांबचं स्टेशन (त्यालाच डीएक्स म्हणतात) ऐकू आलं की तो त्याचं कॉलसाइन, म्हणजे लायसन्सवरचं ओळखीचं नाव, आणि फ्रिक्वेन्सी नेटवर टाकतो, त्या एका ओळीला स्पॉट म्हणायचं आणि हे स्पॉट जगभर वाटणारं जे कॉम्प्युटरचं जाळं आहे ते क्लस्टर. नेट घरोघरी यायच्या आधी, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, हेच काम पॅकेट रेडिओवरून, म्हणजे रेडिओनेच डेटा पाठवून, चालायचं.

सर, लायसन्स आलं, सेट घेतला, गच्चीवर २० मीटर बँडचा डायपोल (तारेची अँटेना) बांधला. क्लस्टर उघडलं की धडाधड ओळी पडतात, पण त्या फ्रिक्वेन्सीवर गेलो की काहीच नाही. हे स्पॉट खरे असतात का ओ? (विश्रामबाग, सांगली)

खरे असतात, फक्त तुमच्यासाठी नसतात. तुम्ही ओळीतलं डीएक्स स्टेशनचं कॉलसाइन बघताय आणि स्पॉट कुणी टाकला ते बघतच नाही, माझ्या मते ओळीतली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. समजा जर्मनीतल्या माणसाने २८ मेगाहर्ट्झवर, म्हणजे साधारण १० मीटर लांबीच्या लहरींच्या पट्ट्यात (१० मीटर बँडवर), ब्राझील ऐकलं आणि वेळ लिहिलीय १८००. ही वेळ यूटीसी, म्हणजे जगभरची एकच प्रमाणवेळ, त्यात साडेपाच तास मिळवा, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. त्यांच्याकडे संध्याकाळ, ब्राझीलमध्ये दुपार, त्यांचा बँड मस्त उघडा आहे आणि आपल्याकडे १० मीटर बहुतेक वेळा कधीच झोपलेला असतो, मग ऐकू येणार काय?

म्हणून फिल्टर लावा. हॅम लोकांनी जगाचे ४० झोन पाडलेत, त्यात आपण २२ मध्ये, आपल्यासोबत श्रीलंका, नेपाळ, भूतान, बांगलादेश, मालदीव. फक्त २२ मधल्या लोकांनी टाकलेले स्पॉट मागवलेत तर स्क्रीन एकदम ओस पडेल, त्यामुळे आखाती देशांचा २१ आणि थायलंडकडचा २६ पण घ्या. ओळी कमी येतील पण ज्या येतील त्यातल्या निम्म्या तरी कानाला लागण्यासारख्या असतील.

दुसरं म्हणजे कॉमेंटमध्ये ‘अप ५’ असं काही लिहिलंय का बघा. त्याचा अर्थ ते स्टेशन १४.१९५ मेगाहर्ट्झवर बोलतंय पण ऐकतंय त्याच्या ५ किलोहर्ट्झ वरच्या बाजूला, १४.२०० च्या आसपास. हे न बघता त्याच्याच फ्रिक्वेन्सीवर हाका मारत बसलात तर त्याला तुम्ही ऐकू जाणार नाही आणि बाकीचे शिव्या घालतील ते वेगळंच.

आणि हो, विश्रामबागेत आजूबाजूला एलईडी ड्रायव्हर, इन्व्हर्टर, सोलर यांचा केवढा कचरा रेडिओत येतो हे विसरू नका. एकदा सेट बॅटरीवर दंडोबाच्या डोंगरावर नेऊन नुसतं ऐका, घरच्या खरखरीत काय काय बुडत होतं ते तिथेच कळेल.

लक्षद्वीपचा स्पॉट आला, युरोपवाले ऐकतायत, जपानवाले ऐकतायत आणि मी कराडला बसून कोरडा! अंतर तर काहीच नाही. (कराड)

अंतर काहीच नाही हीच तर अडचण आहे. आपल्या भागातून लक्षद्वीपचं कवरत्ती साधारण ७५० किलोमीटर. १५ किंवा १० मीटरवर तिकडून निघालेली लहर वातावरणाच्या वरच्या थराला, आयनोस्फियरला, लागून परत जमिनीवर येते ती दोन-तीन हजार किलोमीटर लांब, मधला सगळा पट्टा सुका. त्याला स्किप झोन म्हणतात आणि तुम्ही बरोब्बर त्याच्यात बसलाय. २० मीटरवर पण बरेचदा हेच होतं. तेच स्टेशन ४० मीटरवर कधी दिसतंय त्याची वाट बघा, तिथे काम होण्याची आशा जास्त.

लक्षद्वीप आणि अंदमान डीएक्ससीसीच्या, म्हणजे हॅम लोक जे ‘देश’ मोजतात त्यांच्या, यादीत भारतापासून वेगळे धरले जातात, म्हणून तिथलं स्टेशन दिसलं की जग तुटून पडतं. डिसेंबर २००४ मध्ये हॅम भारती प्रसाद यांची टीम पोर्ट ब्लेअरहून ऑन एअर होती तेव्हा अशीच झुंबड होती, मग २६ तारखेला त्सुनामी आली आणि कॉन्टॅक्ट बाजूला ठेवून तीच टीम लोकांचे निरोप पोचवायला बसली.

मी स्वतः स्पॉट टाकू का? चुकला तर काय, लई भीती वाटते. (कोरेगाव, जि. सातारा)

टाका की! आपल्या भागातून स्पॉट टाकणारे इतके कमी आहेत की वर सांगितलेला फिल्टर लावून बसलेल्या माणसाला तुमची एक ओळ सोन्यासारखी. फक्त कॉलसाइन स्वतःच्या कानाने पूर्ण ऐकल्याशिवाय एंटर दाबू नका, क्लस्टरवर आधी कुणीतरी टाकलेलं बघून तेच पुढे ढकलायचं नाही, कारण एक अक्षर चुकलं की शेकडो लोक त्या चुकीच्या कॉलसाइनने लॉग (कॉन्टॅक्टची वही) भरतात आणि मग कन्फर्मेशन येत नाही म्हणून बोंबलत बसतात. फ्रिक्वेन्सी किलोहर्ट्झमध्ये लिहायची. स्प्लिट, म्हणजे वरच्या ‘अप ५’सारखं बोलणं एकीकडे आणि ऐकणं दुसरीकडे, असेल तर कॉमेंटमध्ये टाका. स्वतःचाच स्पॉट टाकायचा नाही आणि ‘थँक्स भाऊ’ असल्या गप्पा पण तिथे नकोत.

मोर्स करत असाल तर रिव्हर्स बीकन नेटवर्क बघाच. २००८ पासून चालू आहे, तिथे माणसं नाहीत, कॉम्प्युटर बँड ऐकत बसतात आणि तुम्ही सीक्यू (कुणी आहे का, अशी सगळ्यांना हाक) दिलंत की कुठे, किती स्पीडने, किती जोरात ऐकू आलात ते आपोआप टाकतात.

लायसन्स नाही, नुसतं बघता-ऐकता येईल? (विटा)

येईल. क्लस्टरची पानं कुणालाही दिसतात आणि नेदरलँड्समधल्या ट्वेंटे युनिव्हर्सिटीचा वेबएसडीआर, म्हणजे नेटवरून चालवायचा रिसीव्हर, ब्राउझरमध्ये फिरवता येतो. स्पॉट टाकायला आणि बोलायला मात्र कॉलसाइन लागेल.

मुलगा एफटी८ करतो. माईक नाही, मोर्सची की नाही, कॉम्प्युटरच कॉम्प्युटरशी बोलतो. आम्ही मोर्स शिकलो ते काय उगाच? हा कसला रेडिओ! (मिरज)

काका, तुमचा राग कळतो, मला पण पहिल्यांदा हे बघून कंटाळा आला होता. पण हे काढलंय कुणी बघा, जो टेलर, १९९३ चं फिजिक्सचं नोबेल मिळवलेला माणूस आणि स्वतः जुना हॅम. त्याने आणि स्टीव्ह फ्रँकेने २०१७ मध्ये हा मोड आणला, १५-१५ सेकंदांच्या पाळ्या, आणि कानाला अजिबात ऐकू येणार नाही असा सिग्नलसुद्धा वाचला जातो. गप्पा होत नाहीत हे मान्य, तेवढं तुमचं बरोबर.

पण तुम्हाला त्याचा उपयोग आहे. मुलाला पीएसके रिपोर्टर या वेबसाइटचा नकाशा उघडायला सांगा, त्याने एक सीक्यू सोडला की जगात कुठे कुठे पोचला ते काही मिनिटांत दिसतं. संध्याकाळी २० मीटरवर युरोपात ठिपके उमटले की लगेच सेट घ्या ताब्यात, बँडच्या खालच्या टोकाला या आणि की हाणा. आणि त्याला एकही ठिपका मिळत नसेल तर अँटेनावर चढायच्या आधी कॉम्प्युटरचं घड्याळ बघा, एक-दोन सेकंद जरी पुढेमागे असलं तरी एफटी८ गपगार पडतं.