कुरिअरने मागवलेल्या ऑर्किडला एकही पान नाही, नुसती राखाडी मुळं आहेत. लेबलवर कायलोशिस्टा परिशी असं नाव आहे. ते मेलंय का? आणि जिवंत असेल तर कसं वाढवायचं?

बहुतेक जिवंत आहे, टाकून देऊ नका! तुम्ही लेबलवरचं नाव दिलंय ते कायलोशिस्टा परिशी. या आमरीला, म्हणजे ऑर्किडला, पानं जवळपास नसतातच. क्वचित एखादं बारीकसं पान येतं आणि गळून जातं. पानाचं सगळं काम मुळंच करतात.

खात्री करायची तर एक मूळ ओलं करून बघा. कोरडं असताना चंदेरी-राखाडी दिसणारं मूळ पाणी पिताच मिनिटाभरात हिरवं होतं, आणि त्या हिरव्यावर बारीक पांढरे ठिपके नि रेघा तशाच राहतात. मुळावर स्पंजासारखं आवरण असतं. ते भिजलं की पारदर्शक होतं आणि आतलं हरितद्रव्य दिसतं. पांढऱ्या जागांत पाणी शिरत नाही, मूळ तिथूनच श्वास घेतं. भिजवूनही तपकिरी राहिलेलं, दाबल्यावर पोकळ लागणारं मूळ मात्र गेलेलं. सगळी मुळं जिथून फुटतात तो मधला बिंदू टणक असेल तर दोनचार मुळं गेली तरी रोप सावरतं.

ही श्वासाची गोष्ट मला उशिरा कळली. माझं पहिलं रोप मी मायेपोटी ओल्या मॉसमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळात, गुंडाळलं होतं. पुण्यात जुलैत आठवडाभर झड लागली, मॉस सुकलंच नाही, आणि आठव्या दिवशी सोडवायला गेले तर मुळांची साल बोटांना चिकटून आली, आत नुसता दोरा उरलेला. फार वाईट वाटलं. तेव्हापासून माझा एकच नियम आहे: मूळ पूर्ण भिजलं पाहिजे आणि तीन-चार तासांत पूर्ण सुकलंही पाहिजे.

म्हणून कुंडी नको, माती नको, मॉसही नको. बाभळीच्या खडबडीत सालीच्या वाळक्या फांदीवर मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने अलगद बांधा. पेरूची फांदी घेऊ नका, तिची साल पापुद्र्यांनी सुटते आणि चिकटलेली मुळं सोबत घेऊन जाते. मुळं पकड घेईपर्यंत रोप हलता कामा नये.

उन्हाळ्यात सकाळी रोज पाणी, फारच कोरडी हवा असेल तर दुपार कलताना पुन्हा एकदा. स्प्रेचा एक फवारा पुरत नाही. फवारा, दोन मिनिटं थांबा, परत फवारा, सगळी मुळं हिरवी होईपर्यंत. पावसाचं साठवलेलं पाणी उत्तम, नाहीतर आरओचं. बोअरच्या जड पाण्याने मुळांवर पांढरा थर बसतो. पावसाळ्यात फांदी छपराखाली, वारा खेळेल अशी टांगा आणि रात्री गोगलगायी बघा, कोवळी टोकं त्या एका रात्रीत फस्त करतात. थंडीत पाणी आठवड्यातून दोन-तीनदाच. म्यानमार-थायलंडच्या ज्या जंगलांत हे वाढतं, तिथेही हिवाळा कोरडाच असतो.

उजेड भरपूर हवा, पण गाळलेला. माझं पूर्वेच्या बाल्कनीत पन्नास टक्क्यांच्या हिरव्या शेडनेटखाली असतं. खत नव्या मुळांच्या हंगामातच, पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव मात्रेत, आठवड्यातून एकदा, तेही मुळं आधी साध्या पाण्याने भिजवून.

फुलं साधारण मार्च-एप्रिलमध्ये येतात. लवदार तुरा खाली लोंबतो आणि त्यावर नखाएवढी पिवळसर, तांबूस ठिपक्यांची फुलं. पानाचा पत्ता नाही आणि मुळांच्या गुंत्यातून हा तुरा! दरवर्षी मी तो तितक्याच कौतुकाने बघते.

एक कळकळीची विनंती: जंगलातून काढलेलं रोप कोणी स्वस्तात देऊ केलं तर घेऊ नका. झाडाच्या सालीवरून उपटताना मुळं तुटतात, आणि याच्याकडे मुळांशिवाय दुसरं आहे काय? प्रयोगशाळेत बियांपासून वाढवलेलंच मागा. आणि हौस वाढली म्हणून लगेच फ्लोरिडा-क्यूबाच्या दलदलीतल्या, अशाच बिनपानाच्या घोस्ट ऑर्किडकडे वळू नका. त्याला बारमाही दमट हवा लागते, आपल्या कोरड्या उन्हाळ्यात बाल्कनीत ते तगवणं फार अवघड.

तुमचं रोप आत्ताच प्रवास करून आलंय. पहिले तीन-चार आठवडे जरा जास्त सावलीत ठेवा, खत अजिबात देऊ नका. एखाद्या मुळाला चकचकीत हिरवं टोक फुटलं की मग हळूहळू उजेडाकडे सरकवा.