बास क्लॅरिनेटचा ‘बी’ आधी गुरगुरतो

प्रश्न : आठ वर्षं साधं बी-फ्लॅट क्लॅरिनेट वाजवल्यावर चार महिन्यांपूर्वी बास क्लॅरिनेट, म्हणजे त्याचं मोठं, खर्जातलं भावंड, हाती घेतलं. खालचे सूर सुरेख लागतात. पण मधल्या ‘ए’वरून ‘बी’वर गेलं की आधी गुरगुर ऐकू येते आणि मग सूर लागतो, कधी नुसताच चिरकतो. ‘सी’ आणि ‘डी’चंही तेच. ‘ई’पासून वर मात्र सगळं सुरळीत. ओठ आवळून पाहिले, कडक रीड (तोंडाकडची थरथरणारी पातळ पट्टी) लावून पाहिली; त्रास वाढलाच. दोष माझा की वाद्याचा?

उत्तर : ‘ई’पासून वर सुरळीत आहे, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. अर्धं उत्तर त्यातच आहे.

क्लॅरिनेटची नळी आतून जवळपास सगळीकडे सारख्याच रुंदीची आणि एका टोकाला बंद. त्यामुळे रजिस्टर की (वरच्या सुरांसाठीची, डाव्या अंगठ्याची किल्ली) दाबली की सूर सप्तकभर चढत नाही, बाराव्या सुरावर जातो. खालचा ‘ई’ तिप्पट कंपनसंख्येने ‘बी’ होतो. हे काम एक बारीकसं छिद्र करतं. मूळ कंपन मोडायचं, वरचं टिकवायचं. पण इतक्या लांब नळीत एकच छिद्र सगळ्या सुरांना योग्य जागी पडत नाही. आडॉल्फ सॅक्स यांनी १८३८ मध्ये पेटंट घेतलेल्या बास क्लॅरिनेटला म्हणूनच दुसरं रजिस्टर छिद्र होतं. आजच्या चांगल्या वाद्यांत ही दोन छिद्रं आपोआप बदलतात, आणि ती बदलते तुमची उजवी अनामिका. ती खाली असेल, म्हणजे ‘बी’ ते ‘डी-शार्प’, तेव्हा खालचं छिद्र उघडतं. ती उचलली, म्हणजे ‘ई’ आला, की वरचं. तुमचा त्रास नेमका याच सीमेवर थांबतो. त्यामुळे वाद्याची तपासणी आधी.

वाद्य जोडा, डाव्या अंगठ्याने रजिस्टर की दाबून धरा आणि उजवी अनामिका सावकाश खाली-वर करा. डोळे ती दोन छिद्रं झाकणाऱ्या छोट्या पॅडवर, म्हणजे किल्ल्यांखालच्या गाद्यांवर. एक उघडताना दुसरं पूर्ण मिटायला हवं. अनामिका खाली असताना वरचं पॅड केसभर जरी उघडं राहिलं, तरी ‘बी’ अडखळेल. माझ्या वाद्याचं हेच झालं होतं. तीन आठवडे मी रोज तासभर तो एकच सूर घासत होतो, ओठ सुजेपर्यंत. शेवटी दुरुस्ती करणाऱ्याने दोन तुकड्यांना जोडणारा दांडा बोटाने दाखवला. जोडताना मी तोच मुठीत धरून पिळत असे, आणि तो किंचित वाकला होता. तेव्हा जोडताना किल्ल्यांवर मूठ आवळू नका, आणि दांडा वाकलेला दिसला तर तो स्वतः सरळ करायला जाऊ नका. (तुमच्या वाद्याला एकच छिद्र असेल, तर ही तपासणी लागू नाही, हे सूर त्यावर थोडे हट्टी असतातच.)

दोन्ही पॅड नीट चालत असतील, तर डावी तर्जनी पाहा. तिच्या पट्टीला मध्ये एक बारीक छिद्र असतं, अतिउंच सुरांसाठी. साध्या क्लॅरिनेटच्या सवयीने तुम्ही ‘ए’च्या किल्लीवरून बोट लोळवत आणता, ते पट्टीवर टेकतं, पण छिद्र अर्धं उघडंच राहतं. मग ‘बी’ चिरकणारच. आरशासमोर बसून ‘ए’-‘बी’, ‘ए’-‘बी’ फक्त बोटांनी करा, न फुंकता. बोटाच्या पेरावर त्या छिद्राचा गोल ठसा उमटला पाहिजे.

आता तुमच्याबद्दल. खालचा ‘ई’ भरदार लांबवा आणि कुणाला तरी, तुम्हाला न सांगता, मध्येच रजिस्टर की दाबायला सांगा. ‘बी’ स्वच्छ निघाला तर वाद्य निर्दोष आहे. सूर येणार हे ठाऊक असलं की तुमचा जबडा आधीच आवळतो, एवढंच. साध्या क्लॅरिनेटवर तो थोडा आवळलेला खपतो, इथे मुळीच नाही. माउथपीस थोडं जास्त तोंडात घ्या, घसा ‘ओ’ म्हणताना असतो तसा ठेवा, आणि फुंक कमी न करता ओठ सैल सोडा. कडक रीड आजच काढून ठेवा. साध्या क्लॅरिनेटपेक्षा इथे पुष्कळजण मऊच रीड वापरतात.

आणि खालचा ‘ई’च मुळात फुसका असेल, तर कुठलं तरी पॅड गळतंय. सिगारेटच्या कागदाइतकी पातळ पट्टी एकेका पॅडखाली धरून अलगद ओढा. जिथे ती सहज सरकेल तिथे गळती.

प्रश्न : वीसेक मिनिटं वाजवलं की मधला ‘बी-फ्लॅट’ खरखरतो. सुरुवातीला ठीक असतो.

उत्तर : पाणी. श्वासातली वाफ माउथपीस बसतं त्या धातूच्या वाकड्या नळीत गार होऊन पाणी बनते आणि ओघळून रजिस्टरच्या छिद्रात बसते. त्याच पॅडखाली टिपकागद ठेवून दाबा, मग छिद्रावर बाहेरून जोरात फुंका. दर विश्रांतीत वाकडी नळी काढून झटका. वाजवून झाल्यावर नुसती मोठी नळी पुसून पेटी बंद करू नका, वाकड्या नळीतूनही कापड फिरवा.