बैल, कोंबडा, मासा: सगळ्यांचे शुक्राणू एकाच पद्धतीने तपासता येतात का?

उत्तर: यंत्रं तीच चालतात, पण पद्धत प्राण्यानुसार बदलावी लागते.

मोजणीचं फारसं अवघड नाही. नमुना पातळ करून न्यूबाउर चेंबरमध्ये (चौकटी आखलेल्या मोजणीच्या काचपट्टीत) मोजायचा. खरी गोम हालचाल पाहण्यात आहे. बैलाचं किंवा डुकराचं वीर्य गार काचपट्टीवर टाकलंत तर चांगले शुक्राणूही मंदावतात, आणि दोष नराच्या माथी जातो. म्हणून पट्टी आधी ३७-३८ अंशांवर गरम करून ठेवायची. मेंढ्याचं वीर्य इतकं दाट असतं की न पातळ करता थेंब पाहिला तर सूक्ष्मदर्शकाखाली ढगांसारख्या लाटा फिरताना दिसतात.

माशांचं तंत्रच उलटं. गोड्या पाण्यातल्या माशांचे शुक्राणू वीर्यात निपचित असतात, पाणी लागलं की सुटतात आणि बऱ्याच जातींत मिनिट-दोन मिनिटांत थंडावतात. डोळा भिंगाला लावूनच पाणी घाला, नाहीतर खेळ संपलेला असतो!

जिवंत-मेलेले ओळखायला इओसिन-निग्रोसिन (दोन रंगांचं मिश्रण) हा स्वस्त आणि माझ्या मते सर्वात कमी लेखला गेलेला उपाय. मेलेल्याचं आवरण फाटलेलं असल्याने तो गुलाबी होतो, जिवंत पांढराच राहतो. मोठ्या संख्येसाठी फ्लो सायटोमीटर (एकेक पेशी झपाट्याने तपासणारं यंत्र) आहे.

संगणकाधारित विश्लेषण (कासा) वापरताना सेटिंग प्राण्याप्रमाणे बदला. उंदराच्या शुक्राणूचं डोकं हुकासारखं वाकडं, कोंबड्याचा शुक्राणू दोऱ्यासारखा. बैलासाठी लावलेलं सॉफ्टवेअर त्यांना कचरा समजू शकतं.