'टेरिटरी'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे : अमेरिकेतल्या यादवी युद्धावरचा मजकूर मराठीत लिहिताना 'टेरिटरी'साठी 'प्रदेश' आणि 'फ्री स्टेट'साठी (म्हणजे गुलामगिरीला बंदी असलेल्या राज्यासाठी) 'स्वतंत्र राज्य' वापरलं तर चालेल का?

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. 'स्वतंत्र राज्य' नको. कॅन्सस 'स्वतंत्र राज्य' झालं म्हटलं की ते अमेरिकेतून फुटलं असंच कोणालाही वाटेल. घडलं ते उलट. २९ जानेवारी १८६१ला कॅन्सस संघराज्यात आलं तेव्हा दक्षिणेतली सहा राज्ये बाहेर पडलेली होती, आणि त्यांचे सिनेटर उठून गेले म्हणून तर कॅन्ससची वाट मोकळी झाली. 'स्लेव्ह स्टेट'साठी 'गुलाम राज्य'ही फसवं, कारण त्यात राज्यच कोणाचं तरी गुलाम ठरतं. 'गुलामगिरी असलेलं राज्य' आणि 'गुलामगिरीबंदीचं राज्य' असं सरळ लिहावं. दारूबंदीचा जिल्हा म्हणतोच की आपण. 'दासप्रथा' वगैरेही नको. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' लिहून ते अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केलं, तेव्हापासून या संदर्भात तोच शब्द आपला आहे.

'टेरिटरी'ला मात्र थोडा वेळ द्यावा लागेल. 'प्रदेश' म्हणजे मराठीत कुठलाही भूभाग. डोंगराळ प्रदेश, दुष्काळी प्रदेश. अमेरिकेत टेरिटरी हा कायद्याने ठरलेला दर्जा होता. १७८७च्या वायव्य प्रदेशाच्या कायद्याने रीत घालून दिली : नव्या मुलखावर आधी केंद्राचा गव्हर्नर, आणि स्वतंत्र (म्हणजे गुलाम नसलेल्या) रहिवाशांची संख्या ६०,००० झाली की जुन्या राज्यांच्या बरोबरीने प्रवेश. वसाहत म्हणून कायमचं खाली ठेवायचं नाही. मूळ रहिवाशांना हुसकावून मिळवलेली जमीन होती ती, पण वसाहतवाल्या गोऱ्यांना या हमीनेच संघराज्याशी बांधून ठेवलं. त्याच कायद्याने ओहायो नदीच्या वायव्येला गुलामगिरीवर बंदीही घातली.

मग भांडण कुठे पेटलं? या मधल्या दर्जातच. राज्य झालं की सिनेटमध्ये दोन जागा, लहान असो वा मोठं. म्हणून १८१६ ते १८१९ इंडियाना-मिसिसिपी, इलिनॉय-अलाबामा अशा जोड्या (एक गुलामगिरीबंदीचं, एक गुलामगिरी असलेलं) आत आल्या आणि दोन्ही प्रकारच्या राज्यांचा तराजू ११-११वर राहिला. १८२०मध्ये मिझुरीच्या बदल्यात मेन आलं आणि लुइझियाना खरेदीतल्या, म्हणजे फ्रान्सकडून विकत घेतलेल्या, बाकी मुलखात ३६ अंश ३० मिनिटांच्या उत्तरेला गुलामगिरी बंद झाली. जोडीजोडीने घेण्याची ही युक्ती तीसेक वर्षं चालली. मेक्सिकोकडून १८४८मध्ये प्रचंड मुलूख मिळाला आणि ती मोडली. १८५०मध्ये कॅलिफोर्निया एकटंच, गुलामगिरीबंदीचं म्हणून आलं. १८५४मध्ये सिनेटर स्टीफन डग्लस यांनी कॅन्सस-नेब्रास्काचा निर्णय तिथल्या रहिवाशांच्या मतावर सोडला, १८२०ची रेषा पुसली गेली, आणि दोन्ही बाजूंनी माणसं कॅन्ससमध्ये शिरून एकमेकांवर गोळ्या झाडू लागली. ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यातल्या १८५७च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की टेरिटरीत गुलामगिरीवर बंदी घालणं काँग्रेसच्या (अमेरिकेच्या संसदेच्या) अधिकारात नाही. लिंकन यांचा १८६०चा निवडणूक जाहीरनामा राज्यांतली गुलामगिरी मोडायला निघाला नव्हता. तिला टेरिटरीत पाय ठेवू द्यायचा नाही, एवढंच त्यात होतं. दक्षिणेला फुटून निघायला तेवढंही पुरलं.

आता हे सगळं 'प्रदेश' आणि 'राज्य' अशी जोडी कशीही फिरवून लिहून पाहा. लिंकन गुलामगिरीला विरोध करतात आणि तिला हातही लावत नाहीत, हे वाचकाला उमगणार नाही. 'केंद्रशासित प्रदेश' जवळचा आहे. गोवा तसाच होता आणि ३० मे १९८७ला घटक राज्य झाला. पण दिल्ली-पुद्दुचेरीमुळे त्या शब्दात राज्य होण्याची अपेक्षा राहिलेली नाही, अमेरिकेत ती गृहीत होती. माझी पसंती : पहिल्यांदा 'टेरिटरी, म्हणजे राज्याचा दर्जा मिळण्यापूर्वीचा केंद्राच्या अखत्यारीतला मुलूख' असं फोडून सांगावं, पुढे 'टेरिटरी'च चालू द्यावं. दर्जा मिळाल्यावर गोवेकरांचा 'घटक राज्य' हा शब्द छान बसतो.

जुन्या पुस्तकांतलं अमेरिकेसाठीचं 'संयुक्त संस्थाने' इथे टाळलेलं बरं. वाचकाच्या डोळ्यांपुढे राजेसाहेब उभे राहतात. आम्ही सार्वभौम, मनात येईल तेव्हा बाहेर पडू, हा दक्षिणेचा दावा मांडताना तो शब्द जरा जवळ येतो खरा. पण मनात येईल तेव्हा बाहेर पडायची मुभा इंग्रजांनी कोल्हापूर-बडोद्यालाही दिली नव्हती.