हजेरीपटाबाहेरचा कामगार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

खान्देशातल्या कामगारांचा आणि त्यांच्या संघटनांचा इतिहास लिहायचं तू ठरवलंस, याचा मनापासून आनंद झाला. हे काम व्हायला हवं, आणि लवकर व्हायला हवं. सांगणारी माणसं दर वर्षी कमी होत आहेत आणि कागद रद्दीत जात आहेत.

तुझा आराखडा वाचला. तो गिरणीच्या भोंग्यापासून सुरू होतो आणि गिरणीच्या कुलपापाशी संपतो. जीन-प्रेस (कापसाची सरकी काढून गाठी बांधणारे कारखाने), सालदार (वर्षाच्या करारावर राबणारा शेतगडी), ऊसतोड यांना मिळून एक पान. हे उलट कर असं म्हणत नाही, पण एक गोष्ट आधी ध्यानात घे. कागदावर तोच कामगार सापडतो, ज्याला त्या काळचा कायदा कामगार म्हणून मोजत होता. म्हणून कुठल्याही काळाचं प्रकरण लिहायला घेण्याआधी त्या वर्षीच्या कायद्यातली कारखान्याची व्याख्या काढ आणि त्या व्याख्येबाहेर कोण राहिलं ते पाहा. खान्देशात बाहेर राहिलेले फार आहेत.

पहिलं उदाहरण जीनचं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, 1861 ते 1865, कपाशीचा भाव चढला. त्याच दशकात रेल्वे आली आणि पुढे स्टेशनांभोवती जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहत गेले. 1881 चा पहिला फॅक्टरी कायदा लागू झाला तो 100 किंवा जास्त माणसं असलेल्या आणि वर्षात चार महिन्यांहून अधिक चालणाऱ्या कारखान्यांना. जीनचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्यात संपतो. शंभराहून कमी माणसं असलेल्या किंवा चार महिन्यांच्या आत हंगाम आटोपणाऱ्या जीन या व्याख्येतून सुटल्या. 1884-85 च्या मुंबई फॅक्टरी कमिशनसमोर खान्देशातल्या जीनबद्दल जी साक्ष झाली ती मुळातून वाच. एरवी पहाटे पाच ते रात्री दहा काम, आणि मार्च-एप्रिलच्या घाईत तीच माणसं दिवसरात्र, संध्याकाळी अर्ध्या तासाच्या सुटीवर, सलग आठ-आठ दिवस. ही साक्ष जीन चालवणाऱ्या माणसाची आहे, त्यामुळे तिचं वजन मोठं. 1891 च्या दुरुस्तीनं मर्यादा 50 माणसांवर आली आणि बायकांचे तास 11 ठरले. 1934 च्या कायद्यानं तर भेद उघडच लिहून ठेवला: बारमाही कारखान्यात आठवड्याला 54 तास, हंगामी कारखान्यात 60. जीनमधली बाई आणि गिरणीतला साचेवाला एकाच गावात राहत असले तरी कायद्याच्या दृष्टीनं त्यांचा आठवडा वेगळा होता. तुझ्या पहिल्या प्रकरणाचा कणा हा असावा असं मला वाटतं.

आता गिरण्या. जळगावची खान्देश स्पिनिंग अँड विव्हिंग मिल 1870 च्या दशकातली, अमळनेरची प्रताप मिल विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. इथे नावांचा घोळ होतो. अमळनेरची ‘प्रताप’ आणि धुळ्याची ‘न्यू प्रताप’ या दोन वेगळ्या गिरण्या. न्यू प्रताप आणि चाळीसगावची लक्ष्मीनारायण मिल 1974 च्या राष्ट्रीयीकरणात नॅशनल टेक्स्टाइल कॉर्पोरेशनकडे गेल्या आणि पुढे धुळे टेक्स्टाइल, चाळीसगाव टेक्स्टाइल म्हणून ओळखल्या गेल्या. एकाच गिरणीचे कागद दोन नावांखाली पडलेले असतात. दोन्ही नावांनी माग.

असाच घोळ जिल्ह्यांचा. 1906 पर्यंत खान्देश एकच जिल्हा. त्यानंतर पूर्व आणि पश्चिम. 1960 नंतर त्यांची नावं जळगाव आणि धुळे. नंदुरबार जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला. म्हणजे शहाद्याच्या आदिवासी शेतमजुरांच्या 1972 च्या चळवळीचे सरकारी कागद नंदुरबारात मागायला गेलास तर रिकाम्या हातानं परतशील, ते धुळ्याच्या नावावर आहेत. अनुक्रमणिकेत ‘वेस्ट खानदेश’ हाही शब्द शोध.

संपांची माहिती काढायला सुरुवात मुंबईच्या लेबर ऑफिसच्या ‘लेबर गॅझेट’पासून कर. हे ऑफिस 1921 चं. त्यात वादाचं कारण, सामील कामगार, बुडालेले दिवस आणि निकाल अशा नोंदी मिळतात. पण ‘निकाल: मालकाच्या बाजूनं’ एवढ्या शब्दांवर विसंबू नकोस. पगारवाढ नाकारली गेली तरी काढलेले कामगार परत घेतले गेले असतील, तर कामगारांच्या आठवणीत तो संप जिंकलेला असतो. दोन्ही नोंद. मग राज्य पुराभिलेखागारातल्या गृह खात्याच्या ‘स्पेशल’ फायली बघ. पोलिसांच्या अहवालात सभेला कोण बोललं ते सविस्तर असतं, पण प्रत्येक संपामागे बाहेरचा चिथावणीखोर दाखवायची सवय त्यात आहे. नावं आणि तारखा घे, कारणमीमांसा तपासून घे.

कायद्याचे टप्पे तोंडपाठ हवेत. 1926 चा ट्रेड युनियन कायदा: सात माणसांच्या सहीवर युनियन नोंदवता येई आणि दर वर्षी रजिस्ट्रारकडे हिशेबपत्रक भरावं लागे. हे पत्रक म्हणजे खजिना. सभासद किती, वर्गणी किती जमली, कोर्टकचेरीवर किती गेली. सभासदसंख्येला जमलेल्या वर्गणीशी ताडून पाहा. आकडा फुगवलेला असला तर तिथेच कळतं. पुढे 1946 चा बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स कायदा आला. त्यानं कापड धंद्यात ‘प्रातिनिधिक युनियन’ ठरवली आणि बोलणी करायचा हक्क तिला दिला. दारावरच्या सभेला गर्दी एका युनियनची आणि करारावर सही दुसरीची, हे दृश्य त्या कायद्यातून आलं. तो समजला नाही तर युनियनांमधली भांडणं निव्वळ पुढाऱ्यांच्या हेव्यादाव्यांसारखी वाटतील.

साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरला शिक्षक होते आणि 1938 मध्ये त्यांनी तिथूनच ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढलं. त्याआधी डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं फैजपूर अधिवेशन झालं होतं. या सगळ्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, तू थोडक्यात आटप. भुसावळला मात्र थांब. मे 1974 चा रेल्वे संप 8 तारखेला सुरू होऊन 27 ला मागे घेतला गेला. तिथे पुढाऱ्यांच्या भाषणांपेक्षा रेल्वेच्या शिस्तविषयक नियम 14(2) खाली चौकशीविना बडतर्फ झालेल्यांच्या नोटिसा आणि त्यांच्या घरातल्या बायकांनी ते दिवस कसे काढले ते गोळा कर. 1977 नंतर कामावर परत घेतलेल्यांची सेवापुस्तकंही बघायला मिळतील.

शहादा-तळोद्यासाठी वेळ राखून ठेव. सालदाराचं साल आखाजी (अक्षय्य तृतीया) ते आखाजी. करार तोंडी, उचल आधी घेतलेली, तास ठरलेले नाहीत. म्हणून त्याचा हजेरीपट नाही. 1971 च्या मे महिन्यात पाटीलवाडीत आदिवासींवर गोळीबार झाला. 30 जानेवारी 1972 ला शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. त्याआधीपासून भिल्ल कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती तिथे काम करत होते, ते 1974 मध्ये वारले. चळवळ मजुरीवर सुरू झाली, गहाण-हडप जमिनीवर गेली, आणि बायकांनी दारूची मडकी फोडली तेव्हा घरात शिरली. हा क्रम मोडू नकोस.

कागद नाही म्हणून हताश होऊ नकोस. 1974 च्या जमीन परत देण्याच्या कायद्याखालची प्रकरणं तहसील कचेरीत असतात. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात आदिवासीकडून बिगर-आदिवासीकडे गेलेल्या जमिनी त्यात येतात. जबाबात कर्ज किती, धान्य किती, जमीन कशी गेली हे सापडतं. रोजगार हमीचे मस्टर, म्हणजे हजेरीपट, हे दुसरं साधन. हमीचा कायदा 1977 चा, अंमल 26 जानेवारी 1979 पासून. मस्टरवर बाईचं नाव, तिचा अंगठा, तिचे दिवस येतात. उलट ऊसतोडीत नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो आणि मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं. दोन्ही कागद शेजारी ठेवलेस तर बाईचे कष्ट कुठे मोजले गेले आणि कुठे गिळले गेले ते आपोआप दिसेल.

मुलाखतीबद्दल थोडं. अहिराणी बोलणाऱ्याला अहिराणीतच बोलू दे आणि तसंच उतरवून घे. भिलोरी बोलणाऱ्याकडे जाताना त्यांच्यातलाच कुणी सोबत ने. साल विचारू नकोस. ‘बहात्तरच्या दुष्काळाआधी का नंतर, थोरली मुलगी तेव्हा चालत होती का’ असं विचार. मजुरी विचारलीस की लगेच विचार, त्यात बाजारची ज्वारी किती यायची. 1 एप्रिल 1957 आधीचा रुपया सोळा आण्यांचा, आणि पायली-मणाचं माप गावोगाव वेगळं. माप न विचारता किलोत उतरवलंस तर अख्खा तक्ता चुकेल. गिरणी कामगाराला आधी खातं विचार: साचेखातं (विणकाम), त्रासनखातं (सूतकताई), कांडी. मग कायम होता की बदली. बदलीवाला रोज दारावर उभा राहायचा, जॉबरनं (कामगार घेणाऱ्या मुकादमानं) बोलावलं तर आत. जॉबरबद्दल तो सगळ्यात शेवटी बोलेल, घाई करू नकोस.

युनियनच्या कचेरीत गेलास तर फोटोंच्या आधी पावतीपुस्तकं माग. वाळवी तीच आधी खाते. पान न उचकटता वरून फोटो काढ, पुस्तकाचा क्रमांक पहिल्या फोटोत येऊ दे. एक प्रत त्याच कचेरीत ठेवून ये, एक धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाला विचारून बघ. ज्यांच्यावर अजून खटले आहेत किंवा जे त्याच मालकाच्या शेतावर राबतात त्यांची नावं बदल, गावही बदल. लिहून झालेला मजकूर त्यांना वाचून दाखव आणि ते जे खोडायला सांगतील ते खोड.

जीनचा हंगाम सुरू झाला की आधी तिकडे जा. गिरण्यांचे कागद उन्हाळ्यातही बघता येतील.

तुझा,
एक जुना सहकारी